उजेड वाढवून मिळेल

नांदेड-लातूर पट्ट्यात कंपनीनं दिली तशी वस्तू वापरणं थोडं कमीपणाचं समजतात. मोटारसायकल शोरूममधून निघाली की आधी तिचा हॉर्न बदलतो, मग सायलेन्सर. कूलर आणला की त्याचा पंप दुसरा बसतो आणि पंखा मोठा होतो. कंपनीच्या इंजिनिअरनं कितीही डोकं लावून वस्तू बनवलेली असो, तो इकडचा नव्हता हे आमच्या माणसाला ती हातात घेताक्षणी कळतं. या सुधारणेच्या तावडीतून सायकलपासून सोलरपर्यंत काहीच सुटलेलं नाही, पण सगळ्यात जास्त सोसलंय ते हातातल्या बॅटरीनं. खिशात मावणारी, तीन बारीक सेलची स्वस्तातली बॅटरी आणायची, तिच्या पोटातली एलईडी काढून तिथं दांडगी एलईडी बसवायची आणि मग गावभर झोत मारत फिरायचं, हा आमच्याकडचा बिनभांडवली गृहउद्योग आहे.

याला नुसती हौस म्हणणाऱ्यानं एकदा शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक वाचावं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीनं येते. म्हणजे आठवड्यातले काही दिवस ती दिवसा येते आणि उरलेले दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की अर्ध्या रात्री मोटार सुरू होते, आणि अर्धापूरची केळी असो, औशाचा ऊस असो की कुठलाही हरभरा, पाणी द्यायला माणूस बांधावर हजर लागतो. घोणस आणि मण्यार यांची ड्युटी नेमकी त्याच वेळी असते. रानडुकरांची पाळीही रात्रीचीच. गंमत म्हणजे या मंडळींच्या वेळापत्रकात कधी बिघाड होत नाही, त्यांचा डीपी जळत नाही आणि त्यांना लाइनमन लागत नाही. अशा वेळी हातात जो उजेड असेल तेवढंच आपलं सरकार.

आजोबांच्या काळात हा प्रश्न दोन मोठ्या सेलवर सुटायचा. बॅटरी पितळेची किंवा स्टीलची. एव्हरेडीची ‘जीवन साथी’ घरात असणं ही प्रतिष्ठा होती. आजोबा रात्री रानात निघाले की आजी घरी राहायची, ही सोबत जायची. तिचा उजेड आजच्या हिशेबानं जेमतेम दहा-वीस लुमेन, तोही हळदुल्या रंगाचा. एवढ्यात माणसं हरवलेलं वासरू शोधत, वऱ्हाडाला वाट दाखवत आणि चोराला घाबरवत. उजेड मंदावला की सेल माळवदावर उन्हात ठेवायचे. सेल उन्हानं भरतो, अशी गावाची पक्की खात्री होती. खरं तर उबेमुळं आतल्या रसायनाला थोडा वेळ हुरूप यायचा, एवढंच. पण तेवढ्या हुरुपात एका रात्रीचं पाणी देऊन व्हायचं, म्हणून शास्त्राच्या वाटेला कुणी गेलं नाही.

मग एलईडी आली. म्हणजे तशी ती १९६२ सालीच आली होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोनियाक यांनी लाल एलईडी बनवली, पण लाल उजेडात रानात कोण जाणार? पांढऱ्या उजेडासाठी निळी एलईडी हवी होती आणि ती पुढं तीसेक वर्षं कुणाला धड जमेना. शेवटी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना ती जमली. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड पडतो. तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पारितोषिक देताना कौतुक झालं ते विजेच्या बचतीचं. आमच्याकडं मात्र बचत कुणी केली नाही. जेवढी वीज वाचली, तेवढी सगळी आम्ही पुन्हा उजेडातच घातली.

सुरुवातीला नऊ एलईडींची बॅटरी आली. माळेगावच्या यात्रेत घोडे, उंट आणि गाढवं बघून झाली की येताना प्रत्येकाच्या खिशात ती असायची. पाच मिलिमीटरच्या नऊ एलईडी, प्रत्येकीचा हक्क २० मिलिअँपिअरचा आणि मागं तीन सेलचे साडेचार व्होल्ट. मध्ये रेझिस्टर असलाच तर नावापुरता. त्यामुळं यात्रेत नऊ, संक्रांतीला आठ आणि उन्हाळ्यात पाच, अशी ही मंडळी एकेक करून निवृत्त होत. पाच उरल्या की मालकाच्या मनात सुधारणेचा विचार येतो.

लातूरला गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नांदेडला वजिराबाद आहे, इतवारा आहे. अशा बाजारात कुठंतरी एक बोळवजा दुकान असतं, जिथं दारात पंख्याच्या कॉइल लोंबतात, आत सोल्डरिंगचा धूर असतो आणि दुकानदार डोळ्याला भिंग लावून दुनियेकडं बघत असतो. तिथला संवाद ठरलेला.

“मामा, ह्याच्यात मोठी एलईडी बसंल का?”

“किती वॅटची पाहिजे?”

“बसंल तेवढी.”

‘बसंल तेवढी’ हे आमच्याकडचं अधिकृत माप आहे. मग डबीतून एक वॅटची निघते, तीन वॅटची निघते आणि गिऱ्हाइकाचा पोशाख बघून शेवटी ‘टी-सिक्स’ निघते. ही टी-सिक्स म्हणजे मुळात क्री या अमेरिकन कंपनीच्या एक्सएम-एल नावाच्या एलईडीची उजेडानुसार ठरवलेली एक प्रत. तिला ३ अँपिअरपर्यंत करंट पचायचा. तिचं नाव इतकं झालं की पुढं ज्या बॅटरीवर काय लिहावं ते सुचेना, तिच्यावर कारखानदार टी-सिक्स लिहू लागले. आता आमच्या बाजारात ज्याच्यावर टी-सिक्स लिहिलेलं नाही असा फक्त माणूसच उरलाय.

एलईडी बसवणं तसं अवघड नाही. जुनी काढायची, नवीन ठेवायची (ती चांदणीच्या आकाराच्या पट्टीवर असते), दोन वायरी जोडायच्या. प्लस-मायनस उलटं झालं तर एलईडी पेटत नाही आणि दुकानदार “माल तपासून घ्यायला लागतंय” असं म्हणून गुपचूप वायरी बदलतो. खरा खेळ करंटचा. एक वॅटच्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर हा कंपनीनं नेमून दिलेला अभ्यासक्रम असतो. आमचा कारागीर तिला परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न लावतो. साडेतीनशे तर सगळ्या जगातल्या एलईडी करतात, मग हिचं विशेष ते काय? हिच्याकडून सातशे करून घ्यायचे आणि सरावाला हजार. पहिल्या आठवड्यात निकाल डोळे दिपवणारा लागतो. गल्लीत पेढे वाटावेत असं वाटतं. मग एलईडीचा रंग निळसर पडायला लागतो, उजेड उतरतो आणि एका रात्री ऐन उसाच्या फडात ती कायमची डोळे मिटते. मुलांना निदान परीक्षेनंतर गावाकडं पाठवता येतं. एलईडीला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

दोष तिचा नसतो, तिच्या बुडाखालच्या जागेचा असतो. जुना बल्ब आपली बरीचशी उष्णता उजेडाबरोबर समोर पाठवून मोकळा व्हायचा. एलईडी उजेड पुढं टाकते आणि उष्णता मागं, स्वतःच्या बैठकीखाली सोडते. तिथं ॲल्युमिनियमची जाड चकती हवी, चकती आणि एलईडीच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट हवी आणि चकती बॅटरीच्या धातूच्या अंगाला घट्ट चिकटलेली हवी. आमच्या बॅटरीचं अंग असतं प्लास्टिकचं, आणि पेस्टच्या जागी असतो आत्मविश्वास.

“मामा, लई गरम व्हायलंय की हो.”

“थंडीचे दिवस हायत. चांगलंय की.”

एलईडी मोठी झाली की तीन बारीक सेल तिच्यापुढं टिकत नाहीत. मग येतो लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला लिथियमचा सेल, अठरा-सहाशेपन्नास. हा अठरा मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. बॅटरीत जागा पन्नासेक मिलिमीटरची. कंपनीचा माणूस इथं थांबला असता. आमचा माणूस घरी जातो, पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा शोधतो आणि बॅटरीला मागून शेपूट जोडतो. मग लक्षात येतं की आतली स्प्रिंग करंट अडवतेय, म्हणून स्प्रिंगवरून तांब्याची वायर झाळली जाते. मग बटण तापायला लागतं, म्हणून बटण बाहेर काढून त्या जागी घरातल्या बोर्डाचं बटण बसतं. रिफ्लेक्टर लहान वाटतो, म्हणून मोटारसायकलचा जुना हेडलाइट उघडला जातो. शेवटी लिथियमही कमी पडतो आणि फवारणीच्या पंपातली १२ व्होल्टची बॅटरी पिशवीत घालून खांद्याला लटकते. खिशात मावावी म्हणून घेतलेली वस्तू रानात न्यायला आता दुसरा माणूस लागतो. मूळ बॅटरीतलं काय उरलं म्हणाल, तर मनगटात घालायची दोरी.

बाजारात लिथियमच्या सेलचंही एक वेगळंच गणित असतं. चांगल्या कंपनीचा खरा अठरा-सहाशेपन्नास सेल साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरच्या आसपास थकतो. आमच्याकडं त्याच्यावर ९९०० लिहिलेलं असतं. सेलमध्ये लिथियम भरायला पैसे पडतात, आवरणावर आकडा छापायला फक्त शाई लागते. खोक्यावरचे लुमेनही याच शाईचे. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब नऊशेच्या आसपास लुमेन देतो. बॅटरीच्या खोक्यावर बिनदिक्कत १ लाख लुमेन असतात. म्हणजे मुठीतल्या या वस्तूनं शंभराहून जास्त बल्बांचा उजेड द्यायचा, तोही यूएसबीवर चार्ज होऊन. हे खरं असतं तर एक माणूस बॅटरी घेऊन उभा राहिला असता आणि लोह्याचा आठवडी बाजार रात्रीही भरला असता.

पण लुमेनचं कौतुक शहरातल्यांना. रानातला माणूस एकच विचारतो, “फेक किती?” दुकानदार डोळ्याची पापणी न लवता दोन किलोमीटर सांगतो. आता फेक मोजण्याचीही रीत आहे. अमेरिकेत २००९ साली टॉर्च बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून मापं ठरवली. त्यात फेक म्हणजे ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे दोन किलोमीटरची फेक खरी जरी धरली, तरी एवढा आटापिटा करून दोन किलोमीटरवर आपण चांदणं पाडणार. ते तर पौर्णिमेला सगळ्या तालुक्यावर फुकट पडतं. शिवाय फेक दुप्पट करायची तर झोताची तीव्रता चौपट लागते. हा हिशोब ऐकून एक दाजी म्हणाले, “मग चौपट करा की. पैसे देऊ लालो ना!”

मोठी एलईडी बसवून फेक वाढेलच, असंही नसतं. एलईडीत उजेड देणारा चौकोन जेवढा लहान, तेवढा त्याच रिफ्लेक्टरमधून झोत बारीक आणि लांब जातो. जुन्या एलईडीचा चौकोन असतो मिलिमीटरभर रुंद, नव्या दांडगीचा दोन मिलिमीटर. उजेड वाढतो, पण पायाशीच पसरतो. हे कळतं तेव्हा पैसे देऊन झालेले असतात आणि शेजारी बघायला आलेले असतात. मग माणूस प्रसंग सावरून घेतो. “आधी चिंचेपर्यंत जायचा. आता बांधापर्यंतच जायलाय. पण बांध कसा दिसायलाय बघा!”

सुधारलेल्या बॅटरीची चाचणी हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. आधी झोत पाण्याच्या टाकीवर पडतो, मग देवळाच्या शिखरावर, मग समोरच्या माळवदावर झोपलेल्या काकांवर. काका उठून बसले की चाचणी यशस्वी. रस्त्यात कुणी भेटला की झोत थेट तोंडावर मारून “कोण हाय ते?” विचारायची पद्धत आहे. समोरच्याचे डोळे मिटलेले, त्याला विचारणारा दिसत नाही. त्यानं तोंडावर हात घेतलेला, म्हणून विचारणाऱ्याला तो ओळखू येत नाही. मग त्याच्याकडंही सुधारलेली बॅटरी असेल तर तोही ती पेटवतो. दोन सख्खे चुलतभाऊ बांधावर समोरासमोर उभे राहून एकमेकांना चोर समजतात, ते एवढ्या उजेडामुळंच.

रानडुकरांवर याचा परिणाम काय, हा प्रश्न ज्यानं बॅटरी केली त्याला विचारू नये. पहिल्या रात्री डुकरं खरोखर पळतात. पुढं त्यांना कळतं की हा झोत चावत नाही, आणि मग ती त्या उजेडात निवांत भुईमूग उकरतात. रोही, म्हणजे नीलगाय, तर पळतही नाही. झोताकडं तोंड करून उभा राहतो. त्याचे डोळे चमकत राहतात आणि तो आणि बॅटरीवाला या दोघांत कोण कुणाची राखण करतंय, ते सांगता येत नाही.

या सगळ्या सुधारकांच्या मागून एखादा म्हातारा सालगडी आपली जुनी मिणमिणती बॅटरी घेऊन चालतो आणि पाण्याच्या दंडात एकदाही पाय घालत नाही. त्याचं कारण त्याच्या बॅटरीत नाही, डोळ्यांत आहे. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. एकदा प्रखर झोत बघितला की ती कमाई क्षणात जाते. दांडग्या बॅटरीवाला बटण बंद करतो, तेव्हा तो आंधळा असतो. म्हणून तो बटण बंदच करत नाही, म्हणून सेल लवकर उतरतो, म्हणून त्याला मोठा सेल लागतो. दुकानदाराचं दुकान या ‘म्हणून’वर चालतं.

घरातली एक बॅटरी मात्र सुधारकांच्या हाती लागत नाही. ती आजीच्या उशाशी असते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बुडवून थकलेली माणसं गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली, आणि उजाडेपर्यंत जे शोधणं झालं ते अंधारातच. ती पहाट ज्यांनी काढली, त्यांच्या उशाशी पुढं कायम बॅटरी राहिली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडं पुन्हा धक्का बसला, नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हा नातवंडं मोबाइल शोधत होती आणि आज्या बॅटरी घेऊन अंगणात उभ्या होत्या. आजीच्या बॅटरीचे लुमेन कुणी विचारत नाही. ती पहिल्या बटणाला पेटते, एवढा एकच गुण तिच्यात आहे, आणि तो गुण वाढवून देणारं दुकान अजून गोलाईत निघालेलं नाही.

इतकं ऐकूनही ज्याचे हात शिवशिवतात, त्यानं खुशाल एलईडी बदलावी. फक्त बॅटरी धातूच्या अंगाची घ्यावी, एलईडीखाली ॲल्युमिनियमची चकती आणि पेस्ट द्यावी आणि करंटला आवर घालणारा ड्रायव्हर मध्ये बसवावा. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टवर भरतो. त्याला चार्जिंगचं आणि संरक्षणाचं सर्किट लागतं, मोबाइलच्या चार्जरच्या वायरी सोलून थेट लावलेला सेल फुटतो आणि हात भाजतो. आणि काकांना झोपू द्यावं.

बाकी मूळ दुखणं बॅटरीत नाही, रात्रीच्या विजेत आहे, हे गंजगोलाईतल्या त्या दुकानदारालाही ठाऊक आहे. त्याचं पोट त्यावर चालतं म्हणून तो बोलत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. ती ज्या फीडरवर पोचली तिथला माणूस रात्री घरी झोपतो. जिथं पोचायची आहे तिथं ती लवकर पोचवा, एवढीच विनंती. कारण मराठवाड्यात भर दुपारी जमिनीवर जवळजवळ १ लाख लक्स उजेड पडतो. तो आकडा कुठल्या खोक्यावर छापलेला नाही, पण खरा आहे.